अँड्रॉइड सोडून आत्ताच आयफोन घ्यावा की सप्टेंबरपर्यंत थांबावं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे: पाच वर्षं एकच अँड्रॉइड फोन वापरताय, बॅटरी दुपारपर्यंतच टिकते, काम सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत, दोन सिमकार्डं, बजेट ओढूनताणून सत्तर हजार. आणि ज्याला विचाराल तो म्हणतो, "थांब, सप्टेंबरात नवा येतोय."

मीही सांगलीचीच, विश्रामबागला कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. अँड्रॉइडवरून आयफोनवर येऊन मला बराच काळ झाला, नवरा मात्र अजून अँड्रॉइडवरच आहे, त्यामुळे दोन्हीकडचं रोज बघायला मिळतं. तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकात गुंडाळलेत असं मला वाटतं. आयफोनवर जावं का, हे तुमच्या कामावर ठरतं. सप्टेंबरपर्यंत थांबावं का, हे पैशावर ठरतं. पहिल्याचं उत्तर 'नको' आलं तर दुसरा प्रश्न उरतच नाही.

तरी आधी थांबण्याचं बघू, कारण ते सोपं आहे.

नव्या मॉडेलसाठी थांबणं कधीकधी खरोखर फायद्याचं ठरतं. २०२३ च्या उन्हाळ्यात ज्यांनी आयफोन १४ घेतला त्यांच्याकडे जुन्या पिनचा चार्जर राहिला. सप्टेंबरात १५ आला तो टाइप-सी घेऊन. २०२५ मध्येही तसंच झालं. साध्या आयफोन १६ चा स्क्रीन ६० हर्ट्झचा (म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलणारा) आणि स्टोरेज १२८ जीबीपासून, तर १७ मध्ये १२० हर्ट्झ आणि सुरुवातच २५६ जीबीपासून, किंमत ८२,९००. पण हे दरवर्षी होत नाही. काही वर्षी कॅमेऱ्याची जागा आणि रंग बदलतात, बाकी सगळं तेच.

तुमच्या बजेटला जास्त उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. नवा आयफोन आला की आदल्या वर्षीच्या फोनची किंमत कंपनी स्वतःच उतरवते, साधारण दहा हजारांनी. आयफोन १६ हा ७९,९०० ला आला होता, १७ आल्यावर तो ६९,९०० झाला. त्यानंतर लगेच ऑनलाइन दसरा-दिवाळी सेल लागतात, आणि २०२५ च्या फ्लिपकार्टच्या सेलमध्ये तोच १६ हा ५१,९९९ ला जाहीर झाला. म्हणजे थांबायचंच तर येणाऱ्या फोनसाठी थांबू नका, उतरणाऱ्या फोनसाठी थांबा. सत्तर हजारांत नवाकोरा बसवायला गेलात तर खिसा फाटेल. आदल्या वर्षीचं मॉडेल घेतलंत तर कव्हर, काच आणि चार्जर धरूनही पैसे उरतील. चार्जर हल्ली डब्यात येत नाही, हेही त्या हिशेबात धरा.

एक सावधगिरी. 'थांबलं की स्वस्त होतं' हे आता डोळे झाकून धरू नका. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांची मागणी इतकी वाढवली की २०२५ च्या अखेरीपासून त्यांचे भाव चढले, आणि ते ओझं फोनच्या किमतीवर येतं, जास्त करून मधल्या आणि स्वस्त अँड्रॉइड फोनांवर. जीएसटीकडूनही आशा नको. सप्टेंबर २०२५ मध्ये बऱ्याच वस्तूंचे दर उतरले, मोबाइल १८ टक्क्यांवरच राहिला. आमच्या ऑफिसात त्या महिन्यात रोज कुणीतरी विचारून जायचं, म्हणून सांगितलं. आणि घडी होणाऱ्या आयफोनच्या बातम्यांवर बेत आखू नका. सॅमसंगने घडीचा फोन २०१९ मध्ये आणला, तरी आजही तो सत्तर हजारवाल्यांचा विषय झालेला नाही.

मग तोवर बॅटरीचं काय? बदलून घ्या. अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. अँड्रॉइडची बॅटरी बहुतेक वेळा दोन-तीन हजारांच्या घरात होते. तुमच्या तक्रारीत बॅटरी सोडून दुसरं काहीच नाही, हे मी दोनदा वाचून बघितलं. फोन अडकतोय, ॲप चालत नाहीत, सुरक्षेचे अपडेट बंद झालेत, असं असतं तर मी 'आजच बदला' म्हटलं असतं. शेवटचा सुरक्षा अपडेट कधीचा आहे ते सेटिंगमध्ये जाऊन तेवढं बघाच. तुम्ही त्या फोनवरून लाखांचे व्यवहार करताय. अपडेट वर्ष-दीड वर्षापूर्वी थांबले असतील तर नवी बॅटरी घालून फार दिवस काढू नका.

आता खरा विषय, उडी मारण्याचा. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक निळ्या-हिरव्या मेसेजवर (आयफोनवाल्याचा निळा, अँड्रॉइडवाल्याचा हिरवा) तासभर बोलतात, ते सोडून द्या. आपल्याकडे सगळं गाव व्हॉट्सॲपवर आहे. आपल्याला नडतात त्या गोष्टी वेगळ्या.

पहिली नड सिमकार्डाची. भारतात मिळणाऱ्या नेहमीच्या आयफोनात प्लास्टिकचं सिम एकच बसतं, दुसरा नंबर ई-सिमवर, म्हणजे कार्ड नसलेल्या, फोनातच भरल्या जाणाऱ्या सिमवर घ्यावा लागतो. (आयफोन एअर तर पूर्ण ई-सिमवरच आहे, तो तुम्ही यादीतूनच काढा.) तुमच्या दोन सिमांपैकी बँकेला जोडलेलं कुठलं ते आधी ठरवा, आणि ते प्लास्टिकचंच ठेवा. याला दोन कारणं आहेत. सिम बदललं किंवा ई-सिममध्ये नेलं की दूरसंचार खात्याच्या नियमामुळे त्या नंबरावरचे एसएमएस चोवीस तास बंद राहतात, म्हणजे ओटीपी नाही. तेच कार्ड नुसतं एका फोनातून काढून दुसऱ्यात घातलं तर ही भानगड होत नाही. दुसरं कारण आपल्या गावचं. २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्ही बघितलाय. फोन भिजला, बंद पडला, तर प्लास्टिकचं सिम काढून कुठल्याही साध्या बटणवाल्या फोनात घालता येतं आणि नंबर चालू होतो. ई-सिमचं तसं नाही. आयफोन पाण्यात टिकतो म्हणतात ते प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्याबद्दल, आणि पाणी शिरलं तर वॉरंटीत दुरुस्ती होत नाही, हे कंपनीच लिहून देते.

दुसरी नड यूपीआयची, आणि अडतीत काम करणाऱ्याला हीच सगळ्यात जास्त टोचेल. फोन बदलला की प्रत्येक यूपीआय ॲप पुन्हा नोंदवावं लागतं. नोंदणीसाठी तुमच्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जातो. अँड्रॉइडवर ॲप तो आपोआप पाठवतं, आयफोनवर मेसेजची खिडकी उघडते आणि 'सेंड' तुम्ही दाबायचं असतं. बँकेला जोडलेला नंबर एका सिमवर असला आणि मेसेज दुसऱ्यावरून गेला की नोंदणी होत नाही, आणि माणूस तासभर बँकेला शिव्या देत बसतो. नोंदणी झाल्यावरही सुरुवातीला पाच हजारांची मर्यादा असते. अँड्रॉइडवर ती चोवीस तासांत उठते, आयफोनवर काही बँका बहात्तर तास ठेवतात. आता हे सगळं एकत्र धरा: बँकेचं सिम ई-सिम केलंत तर एक दिवस एसएमएस बंद, मग नोंदणी, मग तीन दिवस पाच हजारांवर. फेब्रुवारी ते मे, हळदीची आवक जोरात असताना, असे चार दिवस काढता येतील का तुम्हाला? मार्चअखेरीस तर मुळीच नको. फोन कधी बदलायचा याला कॅलिफोर्नियातल्या ॲपलचं कॅलेंडर लावू नका, यार्डाचं लावा. त्या हिशेबाने सप्टेंबर-ऑक्टोबर तुम्हाला तसाही सोयीचा पडतो.

तिसरी नड व्हॉट्सॲप. अँड्रॉइडचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो आणि तो आयफोनला वाचता येत नाही. चॅट न्यायचे असतील तर ॲपलच्या 'मूव्ह टू आयओएस' (आयओएस म्हणजे आयफोनची प्रणाली) या ॲपमधून न्यावे लागतात, ही सोय २०२२ पासून आहे. अट एवढीच की आयफोन नवा हवा किंवा पूर्ण रिसेट केलेला हवा, नंबर तोच हवा, दोन्ही फोन चार्जिंगला आणि एकाच वायफायवर हवेत. इथे दुकानात गडबड होते. दुकानदार हौसेने डबा फोडतो, फोन चालू करतो, ॲपलचं खातं उघडून देतो, 'घ्या साहेब, तयार' म्हणतो. पुढे घरी येऊन चॅट न्यायला गेलात की फोन पुन्हा कोरा करावा लागतो. तेव्हा त्याला सांगा, काच बसवून दे, बाकी काही करू नको. तुमच्या चॅटमध्ये भावाचे, वजनाचे, हिशेबपट्टीचे फोटो असणार. ते जाऊन चालणार नाहीत. व्हॉट्सॲप कॉलची यादी मात्र येत नाही.

कॉन्टॅक्ट, फोटो, जीमेल यांची काळजी करू नका, ते गूगलच्याच ॲपांतून आयफोनवर नीट चालतात. आयक्लाउडची, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीची, फुकट जागा फक्त ५ जीबी आहे, गूगलची १५. थोड्याच दिवसांत 'जागा भरली' असा निरोप येऊ लागतो आणि मग महिन्याला ७५ रुपये भरून ५० जीबी घ्यावे लागतात. अँड्रॉइडवर विकत घेतलेली ॲप मात्र तिकडे येत नाहीत.

कॉल रेकॉर्डिंग विचारलं नाहीत, पण अडतीत भाव फोनवर ठरतात म्हणून सांगते. आयफोनवर ते २०२४ पासून आहे, पण दाबलं की दोन्हीकडे घोषणा ऐकू येते. समोरचा व्यापारी त्यानंतर काय बोलेल ते तुम्हीच ठरवा. ट्रूकॉलरचंही असंच, अनोळखी नंबराचं नाव वाजताक्षणी दिसायला आयफोनवर त्यांची पैसे भरायची योजना घ्यावी लागते.

मराठी टायपिंगची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. तरी तुम्ही बोलून टाइप करणारे असाल तर दुकानात तिथल्या तिथे दोन वाक्यं बोलून बघा. मला स्वतःला आजही नवऱ्याच्या फोनवर मराठी लिहिणं जास्त सोपं जातं. आणि तुमच्या अडतीचं बिलिंगचं ॲप, ब्लूटूथवर चालणारा पावतीचा प्रिंटर, घरच्या शेतीसाठी ई-पीक पाहणी (पिकाची नोंद करायचं सरकारी ॲप), जे जे रोज किंवा हंगामात लागतं ते आयफोनच्या ॲप स्टोअरवर मिळतंय का, हे कुणाच्या तरी आयफोनवर शोधून बघा. एक जरी कामाचं ॲप मिळालं नाही तर विषय तिथेच संपला.

आता दुसरी बाजू. पूर्वी आयफोन घेण्याचं एक भक्कम कारण होतं: तो वर्षानुवर्षं अपडेट होतो, अँड्रॉइड दोन वर्षांत टाकून दिलेला. आयफोनचं तसंच आहे. २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ चं आयओएस २६ मिळालं. पण अँड्रॉइड बदललंय. गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २४ पासून पुढे सात वर्षांचे अपडेट जाहीर आहेत, सॅमसंगच्या ए ३६, ए ५६ सारख्या मधल्या फोनांनाही सहा वर्षं. तेव्हा टिकाऊपणासाठी प्लॅटफॉर्म बदलायची गरज उरलेली नाही. आयफोन विकताना जास्त पैसे देतो, हे खरं. तो पडून काच फुटली तर तेवढेच जास्त पैसे घेतो, हेही खरं. ॲपलचं स्वतःचं दुकान पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये उघडलं, पण सांगलीहून तिकडे जायचं म्हणजे दिवस मोडला. घेण्याआधी जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघून ठेवा.

तुम्ही आयफोन का घ्यायचा म्हणता, ते प्रश्नात कुठेच लिहिलेलं नाही. मी घेतला तो व्हिडिओसाठी आणि घरातल्या आयपॅडशी जुळतो म्हणून. तुमचं असं काही कारण असेल तर खुशाल घ्या. 'सगळ्यांकडे आहे' हेसुद्धा कारण असू शकतं, मी नाक मुरडणार नाही, पण मग त्याची किंमत पूर्ण समजून द्या. नो-कॉस्ट ईएमआयवर घेणार असाल तर व्याजाची सूट मिळते, पण त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्याच माथी येतो, बिलावर बघून घ्या.

तुमच्या जागी मी असते तर या महिन्यात बॅटरी बदलून घेतली असती आणि अँड्रॉइडच ठेवला असता. दसऱ्यापर्यंत मनातून आयफोन गेलाच नाही, तर सेलमध्ये आदल्या वर्षीचा घ्यायचा, दुसरं सिम ई-सिम कसं करायचं ते आठवडाभर आधी जिओ किंवा एअरटेलच्या गॅलरीत विचारून ठेवायचं, आणि यूपीआय नीट चालू होऊन मर्यादा उठेपर्यंत जुना फोन विकायचा नाही, एक्स्चेंजलाही द्यायचा नाही. एक्स्चेंजवाला दारात फोन घ्यायला येतो तो नवा देतानाच, त्यामुळे ती सूट घ्यायचीच असेल तर चॅट आणि ॲप हलवायला तुमच्याकडे वेळच राहत नाही. दोन-तीन हजार कमी आले तरी चालतील, जुना फोन नंतर वेगळा विका.