वाचकांचे प्रश्न : काळ्या दारूच्या काडतुसाला कोणता प्रायमर?

प्रश्न : माझ्याकडे एका वेळी एकच काडतूस घेणारी, .45-70 या मापाच्या काडतुसाची रायफल आहे. परवान्याच्या अटी पाळून मी तिची काडतुसे काळ्या दारूने (बंदुकीच्या जुन्या पद्धतीच्या, धूर सोडणाऱ्या दारूने) स्वतः भरतो. मला लार्ज रायफल, लार्ज रायफल मॅग्नम (अधिक जोराचे) आणि लार्ज पिस्टल असे तीन प्रकारचे प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या तळाशी बसणाऱ्या आणि ठोक्याने पेटून दारूला आग लावणाऱ्या टोप्या, मिळतात. काळी दारू साध्या ठिणगीनेही पेटते, मग प्रायमर बदलून काय साधणार? 200 यार्डांवर माझ्या गोळ्या डावी-उजवीकडे फारशा सरकत नाहीत, पण वर-खाली सात-आठ इंच पसरतात.

उत्तर : काळी दारू पेटायला सोपी असते हे आपले म्हणणे बरोबर आहे, आणि नेमक्या याच कारणामुळे प्रायमरची निवड जपून करावी लागते. अडचण दारू न पेटण्याची नसून, प्रायमरचा जोर गरजेपेक्षा जास्त होण्याची आहे. काळ्या दारूच्या काडतुसात मोकळी जागा ठेवायची नसते. दारू गोळीखाली किंचित दाबूनच भरलेली असते. जेमतेम दोन मिलिमीटरच्या भोकातून प्रायमरचा झोत आत शिरतो आणि तो फार जोरदार असला, तर दारू सारखी पेट घेण्याआधीच तळाचे दाणे चिरडले जातात, आणि कधी कधी शिशाची मऊ गोळीही जागची हलते. या दारूचा जळण्याचा वेग दाण्याच्या आकारावर अवलंबून असल्यामुळे दाणे दर वेळी कमी-जास्त फुटले की गोळीचा वेगही दर वेळी बदलतो. सेकंदाला सुमारे 1200 फूट वेगाच्या गोळीत 20 फुटांचा फरक पडला, तर 200 यार्डांवर तो एक-दोन इंचच दिसतो. 1000 यार्डांवर मात्र तोच फरक फुटांत मोजावा लागतो.

माझा सल्ला असा आहे की, आपण साध्या लार्ज रायफल प्रायमरपासून सुरुवात करावी आणि दारू व प्रायमर यांच्यामध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची चकती घालावी. पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या) आतल्या व्यासाइतकी चकती पंचने कापावी आणि दारू ओतण्यापूर्वी लाकडी दांडीने तळाशी सपाट बसवावी. तिने झोताचा पहिला धक्का थोडा सौम्य होतो आणि दारूचा बारीक भुगा भोकातून प्रायमरच्या खोबणीत उतरत नाही. माझ्या मते प्रायमरची जात बदलण्यापूर्वी हा कागद करून पाहावा, कारण त्याला खर्च नाही आणि बहुतेक वेळा फरक लगेच दिसतो.

मॅग्नम प्रायमर वाईट असतात असे मात्र मी म्हणणार नाही. ते वापरून लांब पल्ल्यावर उत्तम नेम साधणारे अनुभवी नेमबाज आहेत. लांब पुंगळीतली घट्ट दाबलेली दारू त्यांच्यामुळे अधिक सारखी जळते, असे त्यांचे म्हणणे आहे. पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू काळ्या दारूपेक्षा अवघड पेटते, तेव्हा तिथे जोरदार प्रायमरची बाजू बळकट होते. आपल्या रायफलीला काय मानवते हे शेवटी क्रोनोग्राफच (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) सांगेल. दारू, गोळी, दारू भरतानाचा दाब आणि पुंगळ्या तशाच ठेवून फक्त प्रायमर बदलावा आणि प्रत्येक प्रकाराची निदान दहा काडतुसे झाडून वेग लिहून ठेवावेत. काळ्या दारूचा वजनाने निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घनरूप मळ म्हणून उरतो. तो नळीत कोरडा होऊन कडक झाला तरी गोळ्या अशाच वर-खाली जातात आणि दोष विनाकारण प्रायमरवर येतो. म्हणून चाचणीत प्रत्येक गोळीनंतर ओल्या चिंधीने नळी एकाच पद्धतीने पुसावी.

प्रश्न : मी लार्ज पिस्टल प्रायमर वापरू लागल्यापासून काही काडतुसे पहिल्या ठोक्याला उडत नाहीत. प्रायमर सदोष असतील का?

उत्तर : तशी शक्यता कमी आहे. लार्ज रायफल आणि लार्ज पिस्टल या दोन्ही प्रायमरचा व्यास सारखाच, सुमारे 0.21 इंच असतो, पण पिस्टल प्रायमरची उंची कमी असते. रायफलच्या पुंगळीतील खोबणीत तो तळापर्यंत बसवला की पुंगळीच्या पृष्ठभागापासून अधिक आत जातो आणि फायरिंग पिनचा ठोका त्याच्यापर्यंत उणा पोहोचतो. हे टाळण्यासाठी तो वर ठेवून बसवू नये. तसे केल्यास पहिला ठोका प्रायमर खाली ढकलण्यातच खर्ची पडतो आणि ब्रीच (नळीचे मागचे तोंड) बंद करताना तो अकाली उडण्याचा धोका राहतो. भरलेले काडतूस सपाट टेबलावर उभे करून पाहावे. ते डगमगले तर प्रायमर वर राहिला आहे असे समजावे. काडतूस उडाले नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून निदान एक मिनिट थांबावे आणि मगच ब्रीच उघडावी.

पिस्टल प्रायमरचा पत्राही पातळ असतो. आपल्या रायफलीची पिन टोकदार किंवा झिजलेली असेल, अथवा तिचे भोक सैल झाले असेल, तर पत्रा फुटून तप्त वायू मागे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. झाडलेल्या प्रायमरवरचा खड्डा भिंगातून पाहावा. त्यात सुईएवढे छिद्र किंवा भोवती काळा डाग दिसला, तर रायफल बंदूक-कारागिराला दाखवेपर्यंत हे प्रायमर वापरू नयेत.