ठेव नंतर ठेवा, आधी संस्थेचं कर्ज फेडा

धुळ्याहून एका लूमवाल्या भाईंचं पत्र आलंय. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लूम बंद पडले तेव्हा मोहल्ल्यातल्या बिनव्याजी पतसंस्थेनं हप्ते थांबवले, राशनसाठी छोटी कर्जं दिली, म्हणून आता हाताशी असलेले 2 लाख तिथं ठेवू का असं विचारलंय, इस्लाममध्ये व्याज हराम, म्हणून ते त्यांना नकोच आहे.

भाई, सांगतो, पण पत्राच्या शेवटी तुम्ही जे सहज लिहून टाकलंय ते आधी. 6 लाख कुठल्यातरी 'हलाल' सोन्याच्या स्कीममध्ये, महिन्याला 3 टक्के नफा, 14 महिने आला आणि आता दोन महिने 'सिस्टीम अपडेट' चालूये. वर त्यातले दीड लाख याच संस्थेत भाभींचे दागिने ठेवून उचललेले!

महिन्याला 3 म्हणजे वर्षाला 36 टक्के. असा कोणता सराफ आहे हो जो दर महिन्याला न चुकता एवढं कमावतो आणि वर तुम्हाला वाटतो? 18 हजारांप्रमाणे अडीच लाख मिळाले म्हणता, ते बहुतेक तुमचेच किंवा तुमच्यामागून आलेल्या कुणाचे तरी. आणि मुदारबात, म्हणजे एकाचा पैसा न् दुसऱ्याची मेहनत अशा इस्लामी भागीदारीत, धंदा बुडाला तर पैसे लावणाऱ्याचं भांडवल जातं, मग आधीच ठरवून दिलेला नफा हलाल कसा? ते व्याजच झालं. बंगळुरूच्या आयएमए या गुंतवणूक कंपनीनं हेच 'हलाल' नाव लावून हजारो लोकांना गोळा केलं, 2019 मध्ये मालक दुबईला पळाला.

पावत्या, ॲग्रीमेंट, व्हॉट्सॲपचे मेसेज घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत जा, महाराष्ट्राचा 1999 चा एमपीआयडी कायदा अशा फसलेल्या ठेवीदारांसाठीच आहे. एजंट म्हणेल तक्रार केली तर पैसे अडकतील. अडकलेतच की!

आता संस्था. तिथला पैसा रिक्षावाल्याचा, भाजीवालीचा, रोज 20-50 रुपये टाकलेला, त्यावर त्यांना छदाम मिळत नाही, त्यातूनच दुसऱ्याला नुसत्या सर्व्हिस चार्जवर कर्ज मिळतं. तो पैसा तुम्ही 36 टक्क्यांच्या नादात घातलात. तेव्हा 2 लाखातून दीड लाख भरा, दागिने सोडवा, संस्थेला खरी मदत हीच. उरलेले 50 हजार बँकेत चालू खात्यात ठेवा, व्याजाचा प्रश्नच नाही आणि 5 लाखापर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो विमा नाही, जळगावच्या बुडालेल्या बीएचआर पतसंस्थेचे ठेवीदार काय ते सांगतील. पुढं कधी ठेव ठेवायचीच झाली तर संस्थेला ऑडिटमध्ये मिळालेला वर्ग (अ, ब, क, ड) आणि कर्जांची थकबाकी आधी बघा, दाखवायला टाळाटाळ केली तर माणसं कितीही दीनदार, धार्मिक असोत, ठेवू नका.

आणि 'अजून 1 लाख भरा, जुने सुटतील' असा एजंटचा फोन येईलच, तो उचलू नका.