हेड्रियनची भिंत: गाडी शेवटाला लावा, सुरुवातीला नाही

उत्तर इंग्लंडमधल्या या रोमन भिंतीवर स्टील रिगच्या वाहनतळावर गाडी लावायची, भिंतीच्या कडेने हाउसस्टेड्सच्या रोमन किल्ल्यापर्यंत चालायचं आणि बसने परत यायचं. सोबत आईबाबा आणि सात वर्षांची मुलगी, तेही ऑक्टोबर संपता संपता. तुमचा हा बेत वाचला आणि राहवलं नाही, कारण आमचाही अगदी हाच होता.

बूट, रेनकोट वगैरे तुम्ही बघालच. माझं सांगणं फक्त परतीबद्दल आहे.

तिकडची एडी १२२ बस (भिंतीचं काम इ.स. १२२ मध्ये सुरू झालं, त्यावरून हा नंबर) आमच्या वेळी बारमाही नव्हती. वसंतात सुरू व्हायची आणि शरदात बंद व्हायची. आम्ही निघण्याआधी एका माहिती कार्यालयात फोन करून तारखेसकट विचारलं होतं. "हो, बस आहे," असं ठाम उत्तर मिळालं. हाउसस्टेड्सच्या थांब्यावर पोहोचलो तर हंगाम संपल्याची नोटीस. पुन्हा फोन लावला, तर उत्तर आलं, "रस्ता सरळच आहे, चालत जा." तो रस्ता म्हणजे बी ६३१८. १७४५ च्या जॅकोबाइट बंडानंतर (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचं बंड) सैन्यासाठी बांधलेला, नाकासमोर जाणारा. पदपथ नाही, गाड्या सुसाट, आणि चढउतार असे की समोरून येणारी गाडी ऐनवेळी दिसते. दमलेलं लेकरू आणि गुडघे धरलेल्या सासूबाई घेऊन तिथून चालायचं? रस्ता कधी पाहिलाच नसेल त्यांनी, तर निदान सल्ला तरी देऊ नये! आजही आठवलं की संताप होतो. शेवटी एका अनोळखी जोडप्याने आमच्या यांना गाडीपर्यंत सोडलं, म्हणून निभावलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: गाडी हाउसस्टेड्सला लावा, बसने स्टील रिगजवळच्या वन्स ब्रूडला जा, तिथून स्टील रिगला चढा आणि आपल्या गाडीच्या दिशेने चालत या. बस नसेल तर ते सकाळीच कळतं आणि टॅक्सी ठरवायला वेळ मिळतो. वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, तोही पाठीशी राहतो. यंदाचं वेळापत्रक मात्र बस कंपनीच्याच संकेतस्थळावर बघा. माझ्या वेळचं आता बदललेलंही असेल.

अंतर जेमतेम पाच किलोमीटर, पण त्यावर जाऊ नका. वाटेतल्या पील क्रॅग्ज कड्यांवरच्या दगडी पायऱ्या ओल्या असल्या की आपल्या गडांवरच्या पावसाळी वाटांइतक्याच निसरड्या. लेकीला जमेल. आईबाबांना, गुडघे कुरकुरत असतील तर, मी तरी नेणार नाही (मी डॉक्टर नाही, त्यांची तब्येत तुम्हाला ठाऊक). त्यांच्यासाठी बर्डोस्वाल्डचा रोमन किल्ला बघा. तिथे भिंतीचा सलग उभा असलेला सर्वांत लांब पट्टा आहे आणि हॅरोज स्कार माइलकॅसलकडची (भिंतीतल्या छोट्या चौकीकडची) वाट बरीचशी सपाट आहे. खरं तर सगळ्यांनीच एक दिवस तिकडे काढा.

घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात. त्यानंतर गेलात तर पाचच्या आत अंधार धरून चाला.

मुलीला भिंतीवर चढू देऊ नका, दगड सुटतात. त्यापेक्षा हाउसस्टेड्सचं रोमन सैनिकांचं सामुदायिक शौचालय दाखवा, मुलं तिथून हलत नाहीत. किल्ला वाहनतळापासून बराच वर आहे, तेवढा दम शिल्लक ठेवा.