एका तारखेच्या चित्रात जंगल सापडत नाही

प्रश्न : चंद्रपूरकडच्या पानझडी जंगलाचा वृक्षविविधतेचा नकाशा करतो आहोत. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची ऑक्टोबरातली स्वच्छ प्रतिमा घेतली, पण साग, ऐन, मोह, धावडा सगळे एकमेकांत मिसळतात. शिवाय सागाचे काही पट्टे नकाशात सुकलेल्या झाडोऱ्याच्या वर्गात गेले. आता लायडर (लेझरने उंची मोजणारं तंत्र) घ्यावं का?

उत्तर : लायडर झाडाची उंची आणि पर्णछताची घडण सांगतं, नाव सांगत नाही. तुमच्याकडे कमी पडताहेत त्या तारखा. पानझडी जंगलात झाडं ओळखू येतात ती पानगळ आणि पालवीच्या वेळापत्रकावरून. ऑक्टोबरात सगळेच हिरवे, मग उपग्रहाला फरक दिसणार कसा?

किमान चार तारखा घ्या : नोव्हेंबर, जानेवारीअखेर, मार्च आणि मेचा उत्तरार्ध. मार्चपर्यंत साग बहुतेक उघडा पडतो आणि पावसापर्यंत तसाच राहतो. पळस पानं टाकून फुललेला असतो, कुसुमाला तांबडी पालवी फुटते. मोहाची पालवी फुलांमागून येते आणि मेमध्ये तो हिरवा असतो, तेव्हा शेजारचा साग बोडकाच. कोरड्या टेकडीवर पानगळ लवकर होते, ओढ्याकाठी उशिरा. म्हणून आपल्या जंगलातल्या १०-१५ झाडांची पंधरवड्याने नोंद ठेवा आणि तारखा त्यावरून ठरवा.

पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला एकेक चौकोन, १० मीटरचा असलेले चार बँड (प्रकाशपट्टे) पुरत नाहीत. २० मीटरचे तीन रेड एज बँड (लाल आणि अवरक्ताच्या सीमेवरचे) आणि लघुतरंग अवरक्ताचे दोन बँड (११ आणि १२) घ्याच. पानातलं हरितद्रव्य आणि पाणी तिथे बोलतं. आणि एक खोड लक्षात ठेवा : २५ जानेवारी २०२२पासूनच्या प्रक्रियेत पिक्सेलच्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. जुन्या-नव्या प्रतिमा एकत्र करताना ते वजा केले नाहीत, तर सगळं जंगल एका रात्रीत बदललेलं दिसतं.

सुकलेले पट्टे बहुधा अळीचे आहेत. पावसाळा सरता सरता सागावर पानांची चाळण करणारी अळी पडते. असं पान हातात घेऊन बघा : मधला हिरवा गर खाल्लेला, शिरांची तपकिरी जाळी तेवढी शिल्लक. वरून असा साग वाळलेलाच दिसतो, म्हणून सागासाठी एकट्या ऑक्टोबरवर विसंबू नका. फेब्रुवारीनंतर वणव्याचंही तसंच. बोडक्या झाडांखालची काळी जमीन पिक्सेलमध्ये उतरते आणि जळालेला साग भलत्याच जातीत जमा होतो. जळालेले पट्टे आधी वगळा.

जमिनीवरचे नमुने घेताना ३० × ३० मीटरपेक्षा लहान तुकडा घेऊ नका. त्यात पर्णछताचा किमान तीन चतुर्थांश भाग एकाच जातीचा हवा. जीपीएस तुकड्याच्या मध्यावर घ्या. दाट झाडोऱ्यात ते सहज ५-१० मीटर चुकतं, म्हणजे पिक्सेलच बदलतो. तुरळक जातींना स्वतंत्र वर्ग देण्याचा मोह टाळा, त्यांना ‘मिश्र’मध्ये ठेवा. जातींची खरी मोजणी ०.१ हेक्टरच्या (३१.६२ × ३१.६२ मीटर) प्लॉटमध्येच होते. उपग्रह ती मोजणी पसरवून दाखवतो, तिची जागा घेत नाही.

प्रश्न : कोयनेच्या उतारांवर जेडाय लायडरने झाडांची उंची ३० मीटरच्या वर दाखवली. प्रत्यक्षात १५ मीटरसुद्धा नाही. आकडे बाद समजायचे का?

उत्तर : सगळे नाही. अंतराळस्थानकावरच्या या यंत्राचा प्रकाशठिपका सुमारे २५ मीटर व्यासाचा असतो. ३०° उतारावर ठिपक्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या उंचीत १४ मीटरहून जास्त फरक पडतो. जमिनीवरून परतलेला प्रकाश तेवढा फाकतो, त्यात झाडाची उंची मिसळते. २०°च्या वरचे ठिपके आम्ही सरळ काढून टाकतो. उरलेल्यांत गुणवत्तेची खूण १ असलेले आणि संवेदनशीलता (दाट पानांतून जमीन टिपण्याची क्षमता) ०.९५च्या वर असलेलेच ठेवा. पानझडी जंगलात पानं असतानाचे ठिपके घ्या, नाहीतर उंची कमी येते.

ठिपके मार्गावर ६० मीटरवर, तर मार्ग एकमेकांपासून ६०० मीटरवर असतात. मधली जागा सेंटिनेलच्या आधाराने भरावी लागते, म्हणजे ती अनुमानित उंची असते. नकाशावर तसं लिहा.

कोयनेत आणखी एक अडचण आहे. सेंटिनेल साधारण साडेदहाला वरून जातो. हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला आणि खाली असतो, त्यामुळे कोकणाकडचे कडे सावलीत. सावली-उन्हाचा हा फरक विविधता म्हणून मोजला जातो आणि नकाशात नेमक्या कड्यांवर समृद्ध जंगल दिसतं. जमिनीच्या चढउताराच्या अंकीय नकाशावरून प्रकाशाची दुरुस्ती करा, गडद सावली पुसून टाका. सदाहरित पट्ट्यात अंजनी, जांभूळ, हिरडा अशी नावं सेंटिनेलकडून मागूच नका. वर्णपटातली विविधता (पिक्सेलांमधला रंगांचा फरक) मोजा आणि ती प्लॉटशी ताडून पाहा.

प्रश्न : संगणकावर नकाशाची अचूकता ९० टक्क्यांच्या वर, जंगलात मात्र निम्म्या ठिकाणी चूक. असं का?

उत्तर : एकाच तुकड्यातले काही पिक्सेल संगणकाला शिकवायला आणि काही तपासायला गेले असणार. शेजारचे पिक्सेल सख्ख्या भावंडांसारखे असतात, ती परीक्षा नव्हे. अख्खे तुकडे, जमल्यास काही किलोमीटरचे चौकोन, बाजूला ठेवून तपासा. आकडा उतरेल, पण जंगलात तोच टिकेल.