मागचं दार आधी बघ

प्रिय बाय,

वेर्ण्याच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू होते आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. पहिल्याच दिवशी तुझ्यासमोर फाइली ठेवतील, मॉक ड्रिलचे फोटो दाखवतील. ते सावकाश बघ. आधी प्रत्येक शेडचं मागचं दार बघ, आणि तेही रात्रपाळीला जाऊन.

दिवसा ते दार उघडंच असतं. साहेब लोक घरी गेले की साखळी चढते. विचारलंस तर कारण ठरलेलं, माल चोरीला जातो. किल्ली सिक्युरिटीच्या खणात, आणि सिक्युरिटीवाला मेन गेटवर. चवथीच्या आधी माल पाठवायची घाई असली की त्याच दारापुढे खोक्यांच्या थप्प्या लागतात, कडीसुद्धा दिसेनाशी होते. कडीला हात लाव. दार स्वतः ढकलून बघ.

न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात 25 मार्च 1911 ला हेच घडलं. सुटताना मुलींच्या पिशव्या तपासता याव्यात म्हणून नवव्या मजल्यावरचं जिन्याचं एक दार कुलूपबंद ठेवलेलं. बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला, बंबाची शिडी सहाव्या मजल्यापलीकडे पोचेना. 146 जीव गेले, बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेल्या तरुण मुली. मालकांवर खटला झाला आणि ते सुटले. दार बंद आहे हे त्यांना ठाऊक होतं, एवढंच सिद्ध होऊ शकलं नाही. हे वाचलं की आजही माझं रक्त तापतं.

म्हणून तुला सांगतो, जे दिसेल ते लिहून दे. तोंडी सांगितलेलं आगीनंतर कुणालाच आठवत नाही. तारीख, वेळ, शेड, कुलपाचा फोटो, आणि पत्राच्या प्रतीवर पोच घेतल्याची सही. मालकाला माहीत होतं, हे सांगणारा कागद तुझ्यापाशी असलाच पाहिजे. ‘नवीन आहेस, जरा सांभाळून घे’ असं प्रेमाने सांगणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पत्र मात्र दे.

ढाक्याजवळच्या ताझरीन या कपड्यांच्या कारखान्यात 2012 साली आग लागली, अलार्म वाजला, तरी कामगारांना परत मशीनवर बसवलं गेलं. शंभराहून जास्त माणसं गेली. तेव्हा अलार्म झाला की लाइन थांबवायचा अधिकार कुणाला, हे सुपरवायझरला पाठ असू दे.

आपल्या गोव्यातलं तर ताजंच आहे. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून 25 जण गेले, त्यांत बहुतेक तिथे राबणारे कामगारच होते. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ इथून आलेली पोरं. तुझ्याही शेडमध्ये कंत्राटदाराची अशीच पोरं असतील. भिंतीवरच्या इंग्रजी सूचना त्यांना कितपत कळतात ते विचार. त्यांना हाताला धरून बाहेरची वाट दाखव, एकदा दिवे घालवून. हजेरी कंत्राटदाराच्या वहीतच राहू देऊ नकोस. आत किती माणसं आहेत हे गेटवर कळायलाच हवं.

कायद्याचं थोडक्यात. भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाने कायद्यात कामगारांना धोक्याची माहिती मागायचा हक्क आला. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी कामगार सुरक्षेची नवी संहिता लागू आहे. तिच्यात नेमणूकपत्र सक्तीचं आहे, पण विजेवर चालणाऱ्या शेडला कायद्याने कारखाना धरायची मर्यादा 10 कामगारांवरून 20 वर गेली. मला हे पटलेलं नाही. आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान शेडना दारं कोण विचारणार? तुमच्या कंपनीचं काम बाहेर अशा शेडमध्ये जात असेल, तर तिथेही जाऊन ये.

रात्रपाळीची एक फेरी झाली की फोन कर. कुलूप सापडलंच तर रविवारी घरी ये, पत्राचा मसुदा आपण बसून करू.

तुझा,
काका