एचपीएलसीत दोन पीकांचं रिझोल्यूशन १.२ येतंय, १५० मिमीऐवजी २५० मिमीचा कॉलम घ्यावा का?

तुमचे आकडे आधी एकत्र लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही प्रश्न कळेल. (एचपीएलसी म्हणजे मिश्रण द्रवाबरोबर कॉलममधून ढकलून त्यातले घटक वेगळे करायची पद्धत; बाहेर येणारा प्रत्येक घटक आलेखावर एक पीक देतो.) सी-१८ कॉलम, १५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन. फ्लो मिनिटाला १ मिली. डेड टाइम (कॉलममध्ये न अडकणाऱ्या रेणूला बाहेर यायला लागणारा वेळ) १.६ मिनिटं. पहिला पीक ६.४ मिनिटांना, दुसरा ६.८ ला. बेसलाइनवरची रुंदी अनुक्रमे ०.३२ आणि ०.३४ मिनिटं. सर म्हणतात लांब कॉलम लावा, आणि तुमचं म्हणणं असं की सूत्रं पाठ आहेत पण इथे वापरायची कशी ते उमजत नाही.

२५० मिमीने काम होईल, सर चुकीचं सांगत नाहीत. मी मात्र तो सगळ्यात शेवटी लावेन. का, ते तुमच्याच आकड्यांतून दिसतं.

रिझोल्यूशन म्हणजे दोन पीकांमधलं अंतर भागिले त्यांची सरासरी रुंदी. ०.४ भागिले ०.३३, म्हणजे १.२१. दोन पीक बेसलाइनपर्यंत सुटे व्हायला साधारण १.५ लागतं. पण दुखणं नेमकं कुठे आहे, ते हा आकडा सांगत नाही. त्यासाठी के, अल्फा आणि एन वेगवेगळे काढावे लागतात.

के म्हणजे घटक कॉलममध्ये किती अडकून राहतो त्याचं माप: रिटेन्शन टाइममधून (पीक येण्याच्या वेळेतून) डेड टाइम वजा करून पुन्हा डेड टाइमनेच भागायचं. पहिल्याचा के (६.४ − १.६) ÷ १.६ = ३.०, दुसऱ्याचा ३.२५. अल्फा, म्हणजेच सिलेक्टिव्हिटी, हे या दोन केंचं गुणोत्तर, १.०८३. बरीच मुलं सरळ ६.८ भागिले ६.४ करून १.०६ लिहून मोकळी होतात. ते चूक आहे, कारण १.६ मिनिटं प्रत्येक रेणू मोबाइल फेजमध्ये (वाहत्या द्रवात) काढतोच, त्या वेळात वेगळं काहीच होत नाही. म्हणून डेड टाइम अंदाजाने लिहू नका, कॉलममध्ये न अडकणारं युरॅसिल इंजेक्ट करून मोजा. तुमचा १.६ पटण्यासारखा आहे: या मापाची रिकामी नळी सुमारे २.५ मिलीची असते, आणि भरल्यावर त्यातली साधारण दोन तृतीयांश जागा द्रवाला उरते.

आता एन, म्हणजे कॉलमच्या ‘प्लेट्स’ची संख्या काढू; ती जितकी जास्त तितके पीक अरुंद. १६ गुणिले (६.८ ÷ ०.३४) चा वर्ग, म्हणजे १६ × ४०० = ६४००. पहिल्या पीकवरूनही तेवढाच येतो. (या ‘प्लेट्स’ कॉलम कापून बघितला तर सापडणार नाहीत. मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ मध्ये डिस्टिलेशनच्या टॉवरवरून ही कल्पना उचलली. त्यांना १९५२ चं नोबेल मिळालं.)

आता तिन्ही एका सूत्रात:

रिझोल्यूशन = (√एन ÷ ४) × ((अल्फा − १) ÷ अल्फा) × (के२ ÷ (१ + के२))

= २० × ०.०७७ × ०.७६५ = १.१८

१.२१ ऐवजी १.१८ आलं म्हणून घाबरू नका. हे सूत्र दोन्ही पीकांची रुंदी दुसऱ्याइतकीच धरतं, एवढाच फरक.

आता एकेक पद बघा. केचं पद कितीही ताणलं तरी १ च्या वर जात नाही आणि तुमचं आधीच ०.७६५ आहे. मोबाइल फेजमधलं ऑरगॅनिक सॉल्व्हंट कमी करून के दुप्पट केला, बाकी सगळं तसंच राहिलं, तर रिझोल्यूशन १.३३ होईल आणि रन ६.८ वरून १२ मिनिटांवर जाईल. के अनंत केला तरी १.५४. हा रस्ता सोडून द्या.

एन वर्गमुळात अडकलाय. लांबी १.६७ पट केली की रिझोल्यूशन १.२९ पटच वाढतं, म्हणजे १.२१ चं १.५६. त्याची किंमत: दुसरा पीक ११.३ मिनिटांना, प्रेशर १.६७ पट, सॉल्व्हंट तितकंच जास्त, आणि पीक बुटके.

पण मला खरं खटकलं ते ६४०० च. १५० मिमीत ६४०० प्लेट्स म्हणजे एका प्लेटची उंची सुमारे २३ मायक्रॉन. ५ मायक्रॉनचा चांगला कॉलम याच लांबीत १० हजारांच्या वर सहज देतो. नुसते १०,००० मिळाले तरी रिझोल्यूशन १.५१ होतं. म्हणजे नवा कॉलम घेऊन ज्या प्लेट्स तुम्ही विकत आणणार, त्या याच कॉलममध्ये हरवल्यात. लवकर येणारा एखादा पीक बघा. त्याचा एन फारच कमी असेल तर दोष बहुधा ट्यूबिंग, फिटिंग किंवा डिटेक्टर सेलच्या व्हॉल्यूममध्ये आहे. सगळ्याच पीकांचा सारखाच पडलेला असेल तर कॉलम थकलाय, किंवा तोंडाशी पोकळी झाली आहे. सॅम्पल मोबाइल फेजपेक्षा तीव्र सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे निव्वळ ॲसिटोनायट्राइलमध्ये वगैरे विरघळवलं असेल, तर आधी तेच बदलून बघा, फुकटचं काम आहे.

आणि अल्फा. १.०८३ चा १.११ झाला तर रिझोल्यूशन १.५२, एन तोच, वेळ तीच. यासाठी पहिला पीक किती सरकायला हवा? ६.४० वरून ६.२८ वर, जेमतेम ७ सेकंद. मेथड डेव्हलपमेंटवाले सिलेक्टिव्हिटीच्या मागे का लागतात ते इथे कळतं. ॲसिटोनायट्राइलऐवजी मेथनॉल करून बघा, तापमान ५-१० अंशांनी हलवा, फिनाइल कॉलम कपाटात पडला असेल तर तो लावा. दोघांपैकी एक जरी आम्ल किंवा अमाइन असेल तर पीएच सगळ्यात जोरकस. फक्त पीएच पीकेएच्या अगदी जवळ ठेवू नका. बेंझोइक ॲसिडचा पीकेए ४.२ आहे, ४.२ ला ते अर्धं आयनित असतं आणि बफर जरासा चुकला की पीक सरकतो. २.५ ला सुमारे ९८ टक्के रेणू आयनित नसतात, तिथे रिटेन्शन स्थिर राहतं. सिलिकावर बनवलेला साधा सी-१८ कॉलम असेल तर पीएच २ ते ८ च्या बाहेर जाऊ नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: दोन्ही पीक साधारण सारख्या उंचीचे आहेत का? १.५ ला बेसलाइन वेगळी होते, हे सारख्या उंचीच्या, सममित पीकांसाठी. दुसरा पीक ०.१ टक्क्याची अशुद्धी असेल आणि मोठ्या पीकला शेपूट असेल, तर १.५ ला ती त्या शेपटीत बुडते आणि इंटिग्रेशन रोज वेगळं येतं. अशा वेळी निदान २ धरा, आणि मग अल्फा बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. संयुगं कोणती आहेत ते कळवलंत तर पीएच कुठून सुरू करायचा ते सांगता येईल.