वाचकांचे प्रश्न: वेरूळची दोनशे वर्षांपूर्वीची छापील चित्रं

प्रश्न (लातूर): आजोबांच्या कपाटात चामडी बांधणीचा मोठा ग्रंथ सापडला. वेरूळच्या लेण्यांची रंगीत चित्रं आहेत, खाली लंडन आणि १८०३ असं छापलंय. अस्सल आहे की नंतरची नक्कल?

उत्तर: शीर्षकपानावर 'हिंदू एक्सकॅव्हेशन्स इन द माउंटन ऑफ एलोरा' हे नाव आणि जेम्स वेल्स व थॉमस डॅनियल हे दोघं आहेत का, ते आधी पाहा. वेल्स म्हणजे पुण्यात सवाई माधवरावांचं आणि नाना फडणविसांचं चित्र काढणारा स्कॉटिश चित्रकार. तो १७९५ साली वारला. त्याच्या रेखाटनांवरून डॅनियल या इंग्रज चित्रकाराने लंडनमध्ये तांब्याच्या पत्र्यांवर ही चित्रं कोरवून घेतली. पूर्ण संच २४ चित्रांचा असतो. तेव्हा पहिलं काम मोजणीचं, कारण भिंतीवर लावायला एखादं पान कधीच काढून घेतलेलं असू शकतं.

नाव आणि साल नकलेवरही छापता येतं, म्हणून खरा निकाल भिंगाखाली लागतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि आकाशाचा फिकट भाग पाहा. ही चित्रं ॲक्वाटिंटची आहेत. या पद्धतीत पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून पत्रा तापवतात, कण चिकटतात आणि मग आम्ल त्या कणांच्या मधल्या फटींतून तांबं खातं. शाई त्या खाल्लेल्या भागात बसते. त्यामुळे अस्सल छापात बारीक पांढरी बेटं आणि त्यांच्याभोवती वेडीवाकडी गडद जाळी दिसते, कुठेही एकसारखी नाही. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके नेमाने मांडल्यासारखे दिसले, तर ते विसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं ऑफसेट छपाईचं काम.

मग खोलीत अंधार करून बॅटरी पानाला जवळजवळ टेकवून तिरपी धरा. दाबयंत्रात पत्र्याची कड कागदात रुतते. तिची चौकट सावलीसारखी उठून दिसते. मात्र चौकट नाही म्हणून लगेच नक्कल ठरवू नका. त्या काळी कडा छाटून चित्र जाड कागदावर डकवायचीही रीत होती. कागद उजेडासमोर धरल्यावर 'व्हॉटमन' (हा इंग्लंडमधला कागद बनवणारा) हे जलचिन्ह, म्हणजे कागद घडवतानाच त्यात उमटवलेली खूण, आणि साल दिसलं तर ते लिहून ठेवा. साल १८०३ नंतरचं निघालं, तर पत्रे जुने असले तरी तो छाप नंतर काढलेला आहे.

रंगाकडेही बघा. हाताने दिलेला जलरंग रेषेबाहेर किंचित सांडतो, कडेला साठून गडद होतो. तपकिरी डागावर किंवा फाटलेल्या कडेच्या आत रंग उतरलेला दिसला, तर साधं चित्र कुणीतरी पुढे रंगवलंय. अशाने किंमत बरीच उतरते.

एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पुण्याचे गंगाराम तांबट यांनी पेशव्यांच्या दरबारातले ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे प्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी वेरूळ रेखाटलं होतं. त्यांची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत. ग्रंथाच्या शीर्षकपानावर त्यांचं नाव नाही. घरच्यांना ग्रंथ दाखवताना गंगारामांचं नाव आवर्जून घ्या.

प्रश्न (रत्नागिरी): जुन्या चित्रग्रंथाला पावसाळ्यात पांढरी बुरशी येते. ऊन दाखवू का? डांबरगोळ्या ठेवू का?

उत्तर: दोन्ही नको. उन्हाने कागद वाकतो आणि जलरंग उडतो, उडालेला रंग परत आणता येत नाही. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, म्हणून तीस-चाळीस रुपयांच्या गोळ्यांपेक्षा एक आर्द्रतामापक घ्या आणि आकडा ४५ ते ५५ मध्ये राखा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. मोठा ग्रंथ उभा ठेवला तर पानांच्या वजनाने शिवण तुटते, त्यामुळे आडवाच ठेवा.

आलेली बुरशी ओल्या फडक्याने पुसणं ही सगळ्यात मोठी चूक, ती कागदाच्या तंतूंत आणखी खोल जाते. ग्रंथ बाजूला काढा, सावलीत वाहत्या हवेत पूर्ण कोरडा होऊ द्या, मग एन-९५ मास्क लावून घराबाहेर मऊ कोरड्या ब्रशने झाडा. कडुनिंबाचा पाला पानांत घालू नका, त्याचे डाग पडतात. तपकिरी ठिपक्यांवर ब्लीच तर अजिबात नको. ते काम कागदाच्या जतनतज्ज्ञाचं.

प्रश्न (पुणे): अशा जुन्या ग्रंथातली चित्रं सुटी करून विकली तर जास्त पैसे येतील, असं एक विक्रेता म्हणतो. परदेशातूनही विचारणा आहे.

उत्तर: सुटी करू नका. शिवण उसवलेला संच पुन्हा पूर्ण होत नाही, आणि असे पूर्ण संच आधीच कमी उरलेत. परदेशी पाठवायचा विचार असेल तर थांबा: शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंची खासगी निर्यात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंद आहे. ग्रंथ त्यात बसतो का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून लेखी घेतल्याशिवाय पार्सल बांधू नका.